धाकटा भाऊ गांजा ओढतो, घरच्यांनी आधी कुठं जायचं? (नागपूर)

थोरली_बेसा
३ मे, रात्री ११:५०

इतकी वर्षं इथं फक्त वाचत आले. लिहायची वेळ या कारणानं येईल असं वाटलं नव्हतं.

माहेर मानेवाड्याला. आई, बाबा आणि धाकटा. तो २१ वर्षांचा, हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. मी लग्नानंतर बेस्याला राहते, गाडीवर पंधरा मिनिटं.

दीड वर्षापासून काहीतरी बिनसलं होतं. खोलीत सतत उदबत्ती, खिशात डोळ्यांत टाकायचे थेंब, झोप पहाटे चारला, रात्री एकला उठून फ्रिजमधलं सगळं फस्त. चार विषय राहिले. लॅपटॉप "दुरुस्तीला दिला" तो परत आलाच नाही. आईला त्याच्या कपाटात एक गोल दातेरी डबी सापडली. तिला वाटलं वेलची कुटायची असेल, तिनं ती घासूनपुसून स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवली. गांजा चुरायचा क्रशर होता तो. आईला हे सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मागच्या महिन्यात बाबांनी पैसे बंद केले, गाडीची किल्ली काढून घेतली. दुसऱ्या दिवसापासून त्याला दरदरून घाम, जेवण नाही, झोप नाही, साध्या प्रश्नावर आरडाओरडा. तिसऱ्या रात्री कपाटाच्या आरशावर मूठ मारली, चार टाके पडले. चौथ्या दिवशी आईनंच गुपचूप त्याच्या हातात पाचशेची नोट ठेवली. तासाभरात तो शांत झाला आणि आई देवघरात जाऊन बसली. मी तिला दोष देत नाही.

आता मामांनी एका खासगी केंद्राचा नंबर दिलाय. रात्री गाडी पाठवतात, चार माणसं येऊन उचलून नेतात, तीन महिने ठेवतात. बाबा सोमवारी पैसे भरणार आहेत. मी थोडे दिवस मागून घेतलेत.

धाकट्याचं म्हणणं एकच, "हे व्यसन नाही, झाड आहे." तो डॉक्टरकडे यायला अजिबात तयार नाही. सरकारी दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल अशी बाबांना भीती. तो येतच नसेल तर सुरुवात कुठून करायची?

रामटेककर
४ मे, सकाळी ७:१०

ताई, जरा शांतपणे घ्या. महाशिवरात्रीला, होळीला आमच्याकडे भांग होतेच, कोणी वाया गेलं नाही. गांजाची सवय लागत नाही असंच ऐकत आलोय. वय आहे, नोकरी लागली की सुटेल. पोराच्या नावाला डाग लागेल असं काही करू नका.

ओपीडी_खिडकी
४ मे, दुपारी २:३०

मी मनोविकार विभागात समाजसेवक म्हणून काम करतो, सोळा वर्षं झाली, सगळी विदर्भातच.

रामटेककर, तुमची कळकळ समजते. पण "गांजाची सवय लागत नाही" या एका वाक्यापायी घरंच्या घरं दोन-दोन वर्षं थांबून राहतात, मग आमच्याकडे येतात. गांजा ओढून पाहणाऱ्या दहातल्या साधारण एकाला त्याचं व्यसन जडतं. सुरुवात किशोरवयात झाली असेल तर सहातल्या एकाला. दहातले नऊ सुटतात हे खरंच आहे, म्हणून तर प्रत्येकाच्या ओळखीत "काही झालं नाही" असा माणूस सापडतो.

भांगेचं उदाहरण इथं लागू पडत नाही. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा. नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, फुलोऱ्यात कितीतरी जास्त असतं. शिवाय प्यायलेली भांग चढायला तासभर घेते, ओढलेला धूर काही मिनिटांत मेंदूत जातो. वर्षातून दोनदा सणाला पिणं आणि रोज तीन-चार वेळा ओढणं यांची बरोबरी होत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्रानं २०१९मध्ये देशभरच्या सर्वेक्षणाचा अहवाल दिला, त्यात भांग-गांजा-चरसच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक मोजले होते.

ताई, ते चार दिवस जे तुम्ही पाहिलेत त्याला वैद्यकात नाव आहे. रोज ओढणाऱ्यानं एकदम थांबवलं की एक ते तीन दिवसांत चिडचिड, घाम, भूक मरणं, झोप उडणं, अस्वस्थपणा सुरू होतो. पहिला आठवडा सगळ्यात वाईट, दोनेक आठवड्यांत बरंचसं ओसरतं, झोपेची तक्रार त्यापुढेही राहते. आईनं नोट दिली ती ऐन चढावर. घरात कोणालाच माहीत नव्हतं की उतार जवळ आहे.

आणि तो येत नसेल तर तुम्ही या. नातेवाइकानं एकट्यानं यायलाही हरकत नसते. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी मनोविकाराची ओपीडी आहे. कोराडी रोडचं प्रादेशिक मनोरुग्णालय तर १८६४पासून आहे. "मेंटल" म्हणून लोक त्याच्या फाटकापाशी कचरतात, पण व्यसनाचे रुग्ण तिथंही पाहतात. आज रात्रीच बोलायचं असेल तर टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. खास व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

एक गोष्ट तातडीची. त्याला आवाज ऐकू येणं, कोणी मागावर आहे असं वाटणं, एकट्यानं बडबडणं, मरणाची भाषा, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका, सरळ अपघात विभागात न्या. कमी वयात सुरुवात आणि घराण्यात कोणाला असा आजार असेल तर गांजानं तो धोका वाढतो.

प्रतापनगरची_आई
४ मे, रात्री १०:०५

बाळा, पैसे भरू नका. आधी माझं ऐक.

आम्ही पाठवली होती अशीच गाडी. रात्री दोन वाजता चार माणसं आली, माझा मुलगा झोपेत होता. त्यानं माझ्याकडे पाहून "आई" म्हटलं आणि मी दाराआड झाले. त्यांनीच तसं सांगितलं होतं, समोर राहू नका म्हणून. तीन महिने फोन नाही, भेट नाही. विचारलं की "छान आहे, योगा करतो." परत आला तेव्हा दोन्ही मनगटांवर काळे वळ होते. नवव्या दिवशी त्यानं पुन्हा ओढला. वर्षभर माझ्या हातचं जेवला नाही, ताट स्वतः वाढून घ्यायचा आणि खोलीत जायचा.

आता तो बरा आहे, पण त्या केंद्रामुळे नाही. पुढं दीड वर्षानं एका डॉक्टरांकडे स्वतःच्या पायानं गेला, तिथून फरक पडत गेला.

सगळी केंद्रं अशी नसतात हे मला माहीत आहे. माझ्या बहिणीचे दीर पुण्याच्या मुक्तांगणला राहून आले, तिथं घरच्यांनाही बोलावून समजावतात. पण जे केंद्र भेटू देत नाही, आत डॉक्टर कोण ते सांगत नाही, त्याच्या दारात मुलाला सोडू नकोस.

कागदपत्रं
५ मे, सकाळी ९:४०

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. दोन मुद्दे, कारण दोन्हींबद्दल लोक भीतीपोटी चुकीचे निर्णय घेतात.

पहिला, पोलीस केस. गांजाचं सेवन १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. कलम २७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा लहान प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं. लहान प्रमाण म्हणजे गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंत. विकण्यासाठी बाळगला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा "मित्राचं पाकीट ठेवलंय फक्त" असं तो कधी म्हणाला तर हसण्यावारी नेऊ नका. आणि डॉक्टरला सांगितलेली माहिती गोपनीय असते, केसपेपर पोलीस ठाण्यात जात नाही.

दुसरा, उचलून नेणं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रासही धरलेत. माणूस सज्ञान असेल तर त्याच्या मर्जीविरुद्ध भरती करायला अटी आहेत: स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा धोका हवा किंवा स्वतःची काळजी घेण्याची अवस्था नसावी, मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी वेगवेगळं तपासलेलं हवं, आणि तीही सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. साखळीनं बांधणं कोणत्याही परिस्थितीत बेकायदा. भेटीचा आणि फोनचा हक्क रुग्णाला आहे. बापानं पैसे भरले आणि मामानं सही केली म्हणून २१ वर्षांच्या मुलाला रात्री गाडीत कोंबता येत नाही. केंद्राला नोंदणी प्रमाणपत्र मागा. दाखवायला का-कू करत असतील तर उठून या.

जुना_फुटाळा
५ मे, रात्री ११:२०

ताई, मी ओढणारा होतो. सात वर्सं. फुटाळ्याच्या पायऱ्यांवर चार दोस्तांत सुरू केला, मंग रूमवर, मंग एकट्यानं.

तुमचा भाऊ व्यसन नाही म्हणते ते खोटं बोलत नसन. मजा येणं त्याचं कधीचंच बंद झालं असन. आता तो फक्त जरा ठीक वाटावं म्हणून ओढते, अन् ज्याच्यात मजाच नाही त्याले व्यसन कसं म्हणाव, असा त्याचा हिशोब असते. माहा तसाच होता.

माह्या बापानं खोली तपासाले सुरुवात केली तवा सगळ्यात जास्त बिघडलं. तो जेवढं शोधे तेवढी मी जागा बदलो. कुंडी, कूलरची जाळी, बुटाचा तळ. दोघांचा सगळा जोर त्याच्यातच गेला. एक दिवस तो थकला अन् दारात उभा राहून म्हणाला, "तुले झोप तरी लागते का रे?" मी लहान पोरासारखा रडलो. मले दोन वर्सांपासून कोणी काही विचारलंच नव्हतं, सगळे फक्त हुंगत होते.

सोडल्यावर स्वप्नं पडतात, इतकी खरी का दचकून उठाव. हे येते असं मले कोणीच सांगतलं नव्हतं. मले वाटलं मी पागल होऊन राहिलो, म्हणून पहिल्या दोन खेपेले पुन्हा ओढला. तिसऱ्या खेपेले डॉक्टरनं आधीच सांगतलं, हे येईन अन् हे जाईन. तेवढ्यावर निभावलं.

अजून एक. आपल्याकडं पोट्टे गांजा तंबाखूत मिसळून ओढतात. म्हणजे सोडताना दोन गोष्टी सुटतात. मी गांजा सोडला अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा धरला, दिवसाले आठ. आता तोंड पुरतं उघडत नाही, दोनच बोटं जातात. डॉक्टरले तंबाखूचंही सांगाच.

गोंदियावाली
६ मे, दुपारी १:१५

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या भाच्याला सकाळी सकाळी उलट्या होतात, दोन वर्षं झाली. दुर्बिणीनं तपासणी झाली, पोटात काही निघालं नाही. त्याला फक्त गरम पाण्यानं अंघोळ केली की बरं वाटतं. सध्या पारा पंचेचाळीसच्या घरात आहे आणि तो गीझर लावून तासभर बाथरूममध्ये. तोही ओढतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण पोटाच्या डॉक्टरांना कोणी सांगितलं नाही. याचा काही संबंध असेल का?

ओपीडी_खिडकी
६ मे, संध्याकाळी ६:००

गोंदियावाली, हे आजच डॉक्टरांना सांगा. बरीच वर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांत वारंवार उलट्यांचा असा आजार होतो आणि गरम पाण्यानं तात्पुरतं बरं वाटणं ही त्याची ठळक खूण. नक्की तेच आहे का ते डॉक्टर ठरवतील, पण गांजाची माहिती लपवली तर ते पोटातच शोधत राहतील. तेच असेल तर औषधांनी थोडा आराम पडतो, पण थांबतं ते गांजा सोडल्यावरच. उलट्यांनी पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो, त्यामुळे दिरंगाई नको.

थोरलीताई, आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. "तळाला जाऊ द्या, मग सुधारेल" आणि "हात बांधून न्या" या दोन टोकांच्या मधला एक रस्ता आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात रॉबर्ट मायर्स यांनी तो नीट बांधला. त्यात उपचार नाकारणाऱ्या माणसाऐवजी आधी घरच्यांना शिकवतात. दारूच्या बाबतीत १९९९ साली छापून आलेल्या अभ्यासात या पद्धतीनं शिकलेल्या घरांतली ६४ टक्के माणसं उपचाराला आली.

आपल्या घरात त्याचा अर्थ असा. तो शुद्धीत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसा, आवडीचं करा, बोला. ओढून आला की भांडण नको, उपदेश नको, उठून आपल्या कामाला लागा. रोख पैसे देऊ नका, पण कॉलेजची फी आणि बसचा पास परस्पर भरा. त्यानं केलेलं त्याला निस्तरू द्या: कॉलेजात खोटी आजारपणाची चिठ्ठी बाबांनी लिहायची नाही, उधारी आईनं फेडायची नाही. आणि उपचाराचा विषय काढायचा तो त्याचा पश्चात्तापाचा किंवा थकव्याचा क्षण पाहून, दोन वाक्यांत. मारहाणीचा धोका वाटला तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी आईबाबांना तिथून हलवा.

लघवीच्या चाचणीचं किट आणलं असेल तर ठेवून द्या. टीएचसी चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्याची चाचणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. मुलगा खरंच थांबलेला असतो आणि घर त्याला खोटारडा म्हणतं, अशी फार दुःखद भांडणं पाहिली आहेत मी.

गांजा सोडवणारी खास अशी गोळी अजून नाही. झोपेला, उदासीला गरजेप्रमाणे औषध देतात, बाकी काम समुपदेशनाचं.

थोरली_बेसा
११ मे, रात्री ९:३०

रात्री टेलीमानसला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तुम्ही जेवलात का?" मग काल एका सरकारी रुग्णालयात एकटीच गेले. केसपेपर माझ्या नावाचा. समुपदेशक ताईंनी पाऊण तास दिला.

बाबांना वकिलांची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली. कलम ६४अ त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग त्या केंद्राला फोन करून नोंदणीचा नंबर विचारला. समोरून उत्तर आलं, "तुम्हाला मुलगा सुधारायचाय की कागद पाहायचेत?" बाबांनी फोन ठेवला. पैसे भरले नाहीत.

रामटेककर
१२ मे, सकाळी ८:००

ताई, मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. कालपासून माझ्या चुलतभावाबद्दल विचार करतोय. आम्ही त्याला "आळशी" म्हणून सोडून दिलं होतं.

थोरली_बेसा
२९ मे, रात्री १०:४५

परवा सकाळी सात वाजता त्याला म्हटलं, चल तर्री पोहे खायला. लहानपणी दर रविवारी बाबा न्यायचे. सकाळी तो शुद्धीत असतो हे आता मला कळलंय. पोहे खाताना मी काहीच विचारलं नाही. दुसरी प्लेट मागवल्यावर तोच म्हणाला, "ताई, त्याच्याशिवाय झोपच येत नाही गं. मी तीनदा प्रयत्न केला, तुम्हाला कोणाला माहीत नाही."

तीनदा. आम्ही त्याला निर्लज्ज म्हणत होतो तेव्हा तो एकटा खोलीत प्रयत्न करत होता.

मी म्हटलं, झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊ. गांजाचं सांगायचं की नाही ते तू ठरव. आज आला. केबिनमध्ये मला बाहेर बसवलं. चाळीस मिनिटांनी आला तेव्हा डोळे सुजले होते, म्हणाला, "सगळं सांगितलं. तंबाखूचंही."

प्रतापनगरची_आई
३० मे, सकाळी ६:२०

वाचून देवाला दिवा लावला. पहिले दहा दिवस आईला सांग, रात्री त्याच्यासाठी ताक, पोळीचा लाडू असं काही जवळ ठेव. जेवण जात नाही, पण मधूनमधून जातं.

थोरली_बेसा
७ जुलै, रात्री ११:१०

पाच आठवडे नीट गेले. दुसरा आठवडा भयंकर होता. पहाटे स्वप्नांनी ओरडत उठायचा. जुना_फुटाळा यांचा मजकूर मी त्याला दाखवला होता, तो म्हणाला या भाऊंना सांग, मी एकटाच नव्हतो हे वाचून बरं वाटलं.

काल पुन्हा ओढला. परीक्षेत एक विषय राहिला, त्या संध्याकाळी. आई कोसळली. मलाही वाटलं सगळं मातीत गेलं. समुपदेशक ताई फोनवर म्हणाल्या, पस्तीस दिवसांतला एक दिवस आहे, पस्तीस पुसले गेले नाहीत. पुढची तारीख अलीकडे घेतली.

जुना_फुटाळा
८ जुलै, दुपारी १२:००

त्याले सांगा, माहे चार वेळा झाले. ज्या दोस्तासंगं ओढला त्याचा नंबर आज काढाले लावा, उद्या नाही. अन् संध्याकाळी सहा ते आठ त्याले काहीतरी काम द्या. तलफ तेवढ्याच वेळेले येते. मी त्या टायमाले अंबाझरीले पाच चक्कर मारो.

थोरली_बेसा
१५ सप्टेंबर, रात्री ८:५५

तान्ह्या पोळ्याला तो मारबतीचे पुतळे पाहायला महाल भागात गेला होता. मिरवणूक, गर्दी, जुने दोस्त. दुपारी फोन आला, "ताई, हे सगळे गच्चीवर चाललेत. मी खाली उभा आहे. घ्यायला ये." बँकेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेले. इडा पीडा घेऊन जा गे मारबत, असा ओरडा चालू होता आणि हा एका बंद दुकानाच्या पायरीवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. घरी येईपर्यंत गाडीवर काही बोलला नाही. आईनं काही विचारलं नाही, ताट वाढलं.

अजूनही रात्री मध्येच उठतो. दोन विषय निघाले, दोन राहिलेत. आरसा नवा बसवला.

येत्या गुरुवारी तारीख आहे. या वेळी मला सुट्टी नाही, त्यामुळे बाबा जाणार आहेत त्याच्यासोबत, पहिल्यांदाच. केसपेपरची खिडकी कोणती आणि किती वाजता उघडते ते मी त्यांना कागदावर लिहून दिलंय. त्यांनी तो घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.